खर्जाला कंठ फुटला तेव्हा

हिंदी चित्रपटगीताच्या तबकडीवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे, गीतकाराचंही असे. व्हायोलिनच्या ताफ्यात कोण होतं, ढोलकीवर कोण बसलं होतं, याचा पत्ता त्या गोल कागदावरून कधी लागला नाही. त्यातही सगळ्यांत अंधारात राहिला तो बेस गिटारवाला. इतरांचं वाजवणं निदान कानाला कळतं. बेस मात्र गाण्यातून काढून घेतला तरच जाणवतो. गाणं पोकळ वाटू लागतं आणि नेमकं काय गेलं ते सांगता येत नाही. मुंबईतल्या या वादकांच्या खर्जाला स्वतःचा, ओळखू येणारा आवाज कसा मिळाला, ती हकीकत फझ आणि वा या दोन युक्त्यांभोवती फिरते. आणि तिचा सर्वांत भक्कम पुरावा 1982 साली याच शहरात ध्वनिमुद्रित झाला, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही.

आधी अडचण काय होती ते पाहू. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुटी छेडली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात; चारांतली सर्वांत बारीक तारसुद्धा 98 वर थांबते. साठ-सत्तरच्या दशकात गाणी ऐकली जात ती रेडिओवर, आणि घरातल्या लहान ट्रान्झिस्टरचा वीतभर स्पीकर दोनशे कंपनांच्या खाली मान टाकतो. घाटकोपरच्या चाळीत रात्री विविध भारती लावणाऱ्या माणसापर्यंत गायकाचा श्वास पोचत होता, बासरी पोचत होती, पण स्टुडिओत कोपऱ्यात उभं राहून कोणीतरी जीव ओतून वाजवलेला बेस वाटेतच गळून जात होता.

आवाज फाटला की मात्र चित्र पालटतं. अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका जोर दिला की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात, गोलाईच्या जागी चौकोनी कडा येतात, आणि त्या कडांमधून मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर उसळतात. 41 च्या बरोबरीने 123 येतो, 205 येतो, त्याच्याही पुढचे येतात. लहान स्पीकर 41 वाजवू शकत नाही, पण या वरच्या स्वरांचा हिशोब मांडून आपला मेंदू तळाचा स्वर स्वतःच भरून काढतो. स्वच्छ बेस ज्या रेडिओवर हरवतो, त्याच रेडिओवर फाटलेला बेस ऐकू येतो. या फाटलेल्या आवाजाकडे, म्हणजे फझकडे, निव्वळ गोंगाट म्हणून पाहणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

फझचा जन्मही बेसच्याच तारेवर झाला, लीड गिटारवर नव्हे. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि मिक्सिंगच्या टेबलावरच्या एका वाटेतला ट्रान्सफॉर्मर बिघडला. आवाज घरघरला, चिरफाळला. रेकॉर्डिंग तसंच ठेवलं गेलं आणि 1961 मध्ये गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं, आणि गिब्सन कंपनीने 1962 साली 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने ते पायाने दाबायच्या पेटीत घालून बाजारात आणलं. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'ने ती पेटी जगभर नेली. त्याच वर्षाअखेर बीटल्सच्या 'रबर सोल'मध्ये पॉल मॅकार्टनीने 'थिंक फॉर युवरसेल्फ'साठी फझ लावून बेस वाजवला.

वा पेडल त्यानंतरचं. 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा तरुण इंजिनिअर व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरचं एक सर्किट स्वस्तात बसवण्याच्या खटपटीत होता. बटण फिरवताना आवाजाने तोंड उघडल्यासारखा 'वा' केला. कंपनीच्या डोक्यात आधी फुंकून वाजवायची वाद्यं होती, म्हणून पेडलला ट्रम्पेटवादक क्लाइड मॅकॉय यांचं नाव दिलं गेलं. आत पाहिलं तर यंत्र साधं आहे. पायाखालची पट्टी खाली गेली की दातेरी सळई सरकते, सळई एका पॉटचं, म्हणजे फिरवायच्या रोधकाचं, चाक फिरवते, आणि तारेचं वेटोळं व कपॅसिटर यांच्या जोडीतून उठलेला आवाजाचा उंचवटा खालून वर सरकतो.

हा उंचवटा साधारण चारशे कंपनांपासून दोन हजारांच्या आसपास फिरतो. गिटारला हे झकास. बेसला मात्र त्यात घाटा, कारण त्याचा सगळा ऐवज चारशेच्या खाली. पट्टी दाबली की खर्ज गायब आणि हाती नुसतं कुरकुरणं. यावर दोन उतारे आहेत. आतला 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून 0.068 चा टाकला की उंचवटा सुमारे अडीच पट खाली उतरतो. नाहीतर मूळ स्वच्छ आवाजाची एक वाट शाबूत ठेवायची आणि तीत वा मिसळायचा. बेससाठी पुढे जी वा पेडलं निघाली, ती याच दोन वाटांनी गेली.

मुंबईत हे सगळं आलं कसं? सरळ दुकानातून येणं जवळजवळ अशक्य होतं. परदेशी वाद्य किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणजे आयात परवाना, आणि परवाना मिळालाच तर वर जबर सीमाशुल्क. मग माल येई तो जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या पेटीतून, आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाच्या बॅगेतून, नाहीतर मुसाफिरखान्यातल्या गाळ्यांवरून. 1973 साली अंधेरी पूर्वेला सीप्झ उभं राहिलं, खास इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी. कुंपणाच्या आत तयार झालेला माल देशाबाहेर जाणार, आणि कुंपणाबाहेरच्या मरोळ-चकाल्यात राहणाऱ्या वादकाला नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी पेटी उघड्या बाजारात मिळणार नाही. धोरणं ठरवणाऱ्यांच्या यादीत वादक नव्हताच. त्याची किंमत या शहराच्या संगीताने मोजली, असं मला मनापासून वाटतं.

तरी फझच्या बाबतीत एक वाट मोकळी होती, ती लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजाराची. फझ फेस या 1966 च्या ब्रिटिश पेडलमध्ये असतं काय? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. सुरुवातीच्या काही फझ पेडलांत एसी 128 जातीचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असे, आणि तोच आपल्याकडच्या रेडिओच्या शेवटच्या टप्प्यातही बसवलेला असे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने असे ट्रान्झिस्टर देशात बनवायला घेतले होते. रेडिओ दुरुस्तीचं काम येणारा कोणीही, आकृती हाती लागली तर, संध्याकाळभरात फझ जोडू शकत होता. आयात करावं लागे ते फक्त ज्ञान.

जर्मेनियमला एक खोड मात्र होती. तापमान साधारण दहा अंशांनी चढलं की त्यातली विजेची गळती दुपटीच्या घरात जाते. लंडनच्या थंडीत जुळवलेलं सर्किट मुंबईच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या मंडपात, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाजू लागतं. स्वर सुरू होतो आणि मध्येच तुटतो. वाजवणाऱ्याला वाटतं बॅटरी उतरली. बीसी 108 सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले तेव्हा ही कटकट गेली, पण आवाजाची धारही जरा कडक झाली.

उपनगरातल्या कानांना फाटलेला आवाज परका नव्हता, हेही इथे सांगायला हवं. गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीच्या मांडवात वाजणारी बेंजो पार्टी म्हणजे पिकअप लावलेला बुलबुलतरंग आणि पार शेवटच्या खुणेपर्यंत पिळलेला अ‍ॅम्प्लिफायर. या वाद्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतोमध्ये. 1912 च्या सुमाराला जन्मलेलं हे टंकयंत्रासारख्या बटणांचं वाद्य आपल्याकडे आलं आणि कोळीगीतांपासून सिनेगीतांपर्यंत सगळं वाजवू लागलं. भांडुप-मुलुंडच्या गल्लीत त्याचे सूर फाटूनच पोचत आणि त्यावर लोक नाचत. रॉकचं नावही न ऐकलेल्या माणसाला फझची गोडी अशी आधीच लागलेली होती.

चित्रपटसंगीतात बेस गिटारने साठच्या दशकात मोठ्या उभ्या डबल बेसची जागा घ्यायला सुरुवात केली. राहुल देव बर्मन यांच्या, म्हणजे पंचमदांच्या, ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. गिटारवर भूपिंदर सिंग, भानू गुप्ता, पुढे रमेश अय्यर आणि सुनील कौशिक. ताडदेवचं फिल्म सेंटर किंवा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, साठ-सत्तर वादक एकाच दालनात, आणि गाणं एका दमात मुद्रित व्हायचं. एकाने चूक केली की सगळ्यांनी पहिल्यापासून. अशा ठिकाणी पायाखालची लहरी पेटी वापरणं धाडसाचं होतं, कारण तिची घरघर शेजारच्या मायक्रोफोनमध्येही शिरायची. पंचमदांचं मोठेपण असं की त्यांनी बेसला केवळ आधाराला ठेवलं नाही. त्यांच्या कितीतरी गाण्यांत चाल आठवण्याआधी बेसची ओळ आठवते. खर्ज ऐकण्याची सवय मराठी-हिंदी श्रोत्याला लागली ती त्यांच्यामुळे.

रंगमंचावर वेगळंच वारं होतं. 1970 आणि 1971 मध्ये सिगारेट कंपनीच्या पैशावर सिमला बीट स्पर्धा झाल्या, देशभरच्या पोरांचे बँड त्यांत उतरले आणि निवडक गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. मुंबईत कीथ कांगा यांनी उभा केलेला अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हा त्या पिढीतला सर्वांत रांगडा बँड. त्यांची 'ऑब्सेशन 77' ही तबकडी 1981 साली बाहेर आली तेव्हा बँडचे दिवस सरले होते. फझ आणि वा या दोन्हींत बुडवून काढलेला मुंबईचा आवाज कसा होता, हे ज्याला ऐकायचं असेल त्याने ती तबकडी ऐकावी. 2011 मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन कंपनीने ती पुन्हा काढली.

या जगाचा एक धागा थेट मराठी रंगभूमीत येतो. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे वेल्व्हेट फॉग या बँडचा गायक होता. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने जुडास गाजवला. 1978 मध्ये पुलंनी ब्रेश्टच्या नाटकावरून लिहिलेला 'तीन पैशाचा तमाशा' थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली उभा केला, तेव्हा त्यातला अंकुश नंदूच झाला. मराठी नाटकाच्या प्रेक्षकाने पाश्चात्त्य बीटवर मराठी शब्द एवढ्या ठसक्यात तोवर ऐकले नसतील. नाट्यसंगीतावर वाढलेल्या त्या प्रेक्षकाने ते उचलून धरलं, ही आपल्या अभिरुचीच्या इतिहासातली फार मोलाची नोंद आहे.

आता सुरुवातीला म्हटलेला तो 1982 चा पुरावा, म्हणजे चरणजित सिंग. 1940 साली जन्मलेले हे शीख वादक साठच्या दशकापासून मुंबईच्या स्टुडिओंत वाजवत होते. गिटार, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड नावाचं इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन, पुढे सिंथेसायझर. जे नवं यंत्र येई ते त्यांना हवं असे. सिनेगीतांच्या धून वाजवलेल्या त्यांच्या तबकड्या निघत, लग्नासमारंभांत त्यांचा वाद्यवृंद वाजे. लोकांना आवडणारं वाजवून पोट भरणारा, कामात चोख असा हा माणूस.

1980 मध्ये 'कुर्बानी' आला, 1982 मध्ये 'डिस्को डान्सर', आणि मुंबईच्या प्रत्येक स्टुडिओत डिस्कोचा ठेका घुमू लागला. सगळे तेच वाजवताहेत तर याच ठेक्यावर राग का वाजवू नयेत, असं चरणजित सिंगांच्या मनात आलं. सिंगापूरहून त्यांनी जपानच्या रोलंड कंपनीची नवी यंत्रं आणली होती. ठेक्यासाठी टीआर-808, सुरावटीसाठी ज्युपिटर-8, आणि बेससाठी टीबी-303.

ही शेवटची चंदेरी पेटी नीट पाहण्यासारखी आहे. 1981 च्या अखेरीस ती निघाली ती एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्यासाठी. बेसवादक परवडत नसेल तर ही पेटी साथ करील, अशी कल्पना. सोळा टप्प्यांत स्वर भरायचे आणि ते पुन्हा पुन्हा वाजत राहतात. पण तिचा आवाज खऱ्या बेससारखा येईना. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं, सुमारे दहा हजार पेट्या निघाल्यावर 1984 मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं. तिच्यात कसर होती ती नकलेची. स्वतःचा आवाज मात्र तिच्याकडे होता. वरच्या रांगेतली बटणं फिरवली की आवाजाची गाळणी उघडते-मिटते, एका बटणाने गाळणीच्या कडेवरचा उंचवटा टोकदार होतो, आणि प्रत्येक स्वराबरोबर गाळणी आपोआप तोंड उघडून मिटते. वा पेडलमध्ये जे काम पाय करतो, ते इथे सर्किट करतं, आणि खर्ज न गमावता करतं. बटणं पिळली की आवाज करवादतो, फझच्या जवळ जातो. बेससाठी वा आणि फझ यांचा जो संसार गिटारवाले पेट्या जोडून मांडू पाहत होते, तो या एका खोक्यात तयार होता.

बेसवादकाला घरी बसवण्यासाठी बनवलेलं यंत्र मुंबईत विकत घेतलं ते एका बेस वाजवणाऱ्याने, आणि त्याने त्यातून जे काढलं ते बनवणाऱ्यांच्याही ध्यानीमनी नव्हतं. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी, असे दहा राग. 808 चा एकसुरी ठेका, वर ज्युपिटरवर रागाची बढत, आणि खाली 303 चा खर्ज, वळवळणारा, ओला. त्या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. पाश्चात्त्य वादकाला ती चमक वाटते. आपल्या कानाला ती मींड वाटते. बारा ठरीव सुरांच्या यंत्राला रागाजवळ नेणारी तीच एक फट होती आणि चरणजित सिंगांनी ती अचूक हेरली. मालकंस ऐकताना तर खालची ती ओळ तानपुऱ्याचं काम करू लागते, न थांबता, न चुकता, आणि वरचा राग तिच्यावर निर्धास्तपणे चालतो. माझ्या मते भारतीय खर्जाचा त्या काळातला हा सर्वांत धीट प्रयोग आहे.

'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाने ग्रामोफोन कंपनीने ती तबकडी काढली. खप यथातथाच झाला. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना ती डिस्को वाटली आणि डिस्कोवाल्यांना तीत गाणं सापडेना. 1982 च्या त्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या चमूने जुन्या बाजारातल्या 303 ची बटणं पिळून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं, त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार युरोपभर पसरला, आणि टाकाऊ ठरलेल्या पेटीची किंमत आभाळाला भिडली. 2002 मध्ये एदो बाउमान या डच संग्राहकाला चरणजित सिंगांची तबकडी दिल्लीत मिळाली. 2010 मध्ये त्याने ती 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर पुन्हा काढली, आणि अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला का, यावर जगभर चर्चा झडली. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातल्या मंचांवर जाऊन तेच राग तशाच यंत्रांवर वाजवून आले. 5 जुलै 2015 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. शिकागोच्या मुलांनी त्यांची तबकडी ऐकलेली नव्हती, त्यामुळे 'आधी कोण' हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मुंबईचा एक स्टुडिओवादक, ज्याचं नाव वर्षानुवर्षं चित्रपटगीतांच्या तबकडीवर छापलं गेलं नाही, त्याने खर्जाला मधोमध आणून बसवलं आणि मुखपृष्ठावर स्वतःचं नाव घातलं, ही मोठी गोष्ट.

1991 नंतर आयातीचे दरवाजे उघडले. 1 नोव्हेंबर 1996 ला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला तेव्हा उपनगरातल्या मुलांकडे झूम कंपनीची छोटी प्रोसेसर यंत्रं येऊ लागली होती. 505 गिटारसाठी, 506 बेससाठी. एका डबीत फझ, वा, कोरस सगळं. मेटालिकाच्या पहिल्या अल्बममध्ये, 1983 साली, क्लिफ बर्टनने बिग मफ हा फझ आणि मॉर्लेचं वा लावून अख्खं गाणं बेसवर वाजवलं होतं. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेला तो तुकडा इथल्या नवशिक्या बेसवाल्यांचा धडा झाला. जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस क्लबमध्ये, पवईच्या आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात ही मुलं वाजवू लागली. धोबी तलावच्या रंगभवनात 1986 पासून भरणारा इंडिपेंडन्स रॉक, रंगभवन शांतता क्षेत्रात गेल्यावर, पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला. रॉकचा मुक्काम शहरातून उपनगरात हलला तो असा.

आणि आता पेडल मुंबईतच बनतं. आदित्य नंदवाना यांची अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन फझ आणि डिस्टॉर्शनच्या पेट्या इथे तयार करते. त्यांच्या 'बॅरन समेदी' या पेडलमध्ये आत शिरणाऱ्या आवाजाचे दोन भाग होतात, खालचा आणि वरचा. दोन्ही आपापल्या वाटेने हवे तेवढे फाडायचे आणि शेवटी पुन्हा एकत्र आणायचे. बेस वाजवणाऱ्याला वरचा भाग चिंध्या होईपर्यंत फाडता येतो आणि 41 कंपनांची जाड तार तळाशी आपला स्वर धरून राहते. परदेशातले वादकही ही पेटी मागवून घेतात.